बोळक्या नावाड्याचा सातवा भाग

आमचे हे कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर प्लास्टरचे जबडे पाठवतात, हे त्यावर गुलाबी मेण चढवून एकेक दात बसवतात. कामात एकदम चोख. पण घरी आले, हातपाय धुतले, की खुर्चीत बसून वाचतात काय? तर तळ्याखाली जन्मलेल्या एका पोरीची गोष्ट. शीळ घालून बंद दरवाजे उघडते म्हणे ती! स्वतःच्या डोक्याला टक्कल पडलं, चष्म्याचा नंबर वाढला, तरी ती पोरगी काही सुटत नाही. शेजारीण एकदा म्हणाली, "नातवासाठी आणलीत वाटतं?" म्हटलं, "नातवाचा पत्ता नाही, आजोबांनीच सुरुवात केलीय."

पुस्तकं आमच्या लेकीची. शाळेत होती तेव्हा बापलेक मिळून वाचायचे. एक प्रकरण तिनं मोठ्यानं वाचायचं, एक ह्यांनी, आणि एकट्यानं पुढे जायचं नाही असं ठरलेलं. एकदा बाईसाहेबांनी चोरून पुढची पानं वाचली आणि पचेना म्हणून रडत कबूल केलं. तर ह्यांनी शिक्षा काय द्यावी? तेच प्रकरण तिच्याकडून पुन्हा वाचून घेतलं, आणि स्वतः पहिल्यांदाच ऐकल्यासारखे "अरे बापरे!" करत बसले.

त्या पोरीला होडीतून नेणारा एक बोळका नावाडी आहे. त्याचा आवाज ह्यांचा. दिवसभर बिनदातांच्या जबड्यांशीच संसार, त्यामुळे कुठलं अक्षर कुठून निसटतं ते ह्यांना पाठ. ओठ आत घेऊन बोलायला लागले की लेक हसून लोळायची. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, पुरे! जेवायला या!" कोण ऐकतंय?

सहा भाग असे झाले. सातवा बाजारात आला तेव्हा लेक शिकायला परगावी गेली होती. ह्यांनी त्याच दिवशी आणला आणि प्लास्टिकसकट कपाटात ठेवला. "सुट्टीत येईल तेव्हा वाचू." सुट्टीत परीक्षा निघाली, मग मैत्रिणी, मग नोकरी, मग परदेश. हे आपले पहिल्यापासून सहाव्यापर्यंत जायचे, सहावा मिटायचे, आणि मेणाची पट्टी खूण म्हणून पुन्हा पहिल्यात घालायचे. मी म्हणायची, "फोडा की तो एकदाचा! ती काय बघायला येतेय?" तर म्हणायचे, "ठरलंय आमचं." पोरीला मात्र चकार शब्दानं सांगितलं नाही. तिच्यावर ओझं नको म्हणे.

यंदा ती आली. आठवडाभर राहणार म्हणाली. ह्यांनी कपाट पुसलं, खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ओढून ठेवली. पण रोज काही ना काही. आज बँक, उद्या मावशी, परवा लॅपटॉप उघडून बसलेली. हे चहाचा कप घेऊन दारात घुटमळायचे नि परत फिरायचे. मला तर असा राग यायचा! विचारायला काय तोंड शिवलंय?

शेवटच्या दिवशी दुपारी जेवताना तिला पुस्तक आठवलं. घास हातात धरून म्हणाली, "बाबा, शेवटी तो नावाडी मरतो ना, तेव्हा मी हॉस्टेलमध्ये इतकी रडले होते! तुमचाच आवाज येत होता कानात."

 ह्यांनी ताटात बघितलं. मग म्हणाले, "हो ना. वाईट वाटतं खरं." आणि भाजी वाढून घेतली. भाजी ताटात तशीच राहिली.

मी ताक आणायच्या निमित्तानं आत गेले. तिथे थांबले असते तर रडले असते.

बॅगा दारात आल्या, खाली टॅक्सी उभी राहिली, तेव्हा ती म्हणाली, "सातवा नेऊ का वाटेत वाचायला?" हे "अगं, तो..." म्हणेपर्यंत तिनं कपाटातून काढलाही होता. प्लास्टिकवर तिचं बोट थांबलं.

"बाबा, तुम्ही वाचलाच नाहीत?"

"ठरलं होतं ना आपलं," हे म्हणाले. "एकट्यानं पुढे जायचं नाही."

"पण मी तर..."

"तुझं वय होतं ते, बाळा. तुला घाई होती."

ती मटकन बुटांसकट खुर्चीत बसली. त्याच दुसऱ्या खुर्चीत. नखानं प्लास्टिक फाडलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. खाली टॅक्सीवाला हॉर्नवर हॉर्न मारतोय, हिचा आवाज फाटतोय, आणि हे डोळे मिटून "अरे बापरे!" म्हणतायत. पहिलं प्रकरण संपलं तशी ती उठली, पुस्तक बॅगेत कोंबलं आणि डोळे पुसत म्हणाली, "हे मी नेते. पुढच्या खेपेला घेऊन येईन, दुसरं प्रकरण तुमचं आहे. आणि नावाडी मरतो हे मी सांगितलंच नाहीये. कळलं?"

गाडी वळेपर्यंत हे खिडकीत उभे होते.

चार दिवसांनी मी कपाट आवरायला घेतलं. सहाव्या भागाशेजारी मोकळी जागा होती, तिथे मी आपली शिवणाची डबी सरकवली. हे कधी आवाज चढवत नाहीत, पण खुर्चीतूनच केवढ्यानं ओरडले, "ती जागा राहू दे!"

मी डबी काढून घेतली. मग बघितलं, ह्यांच्या मांडीवर पुस्तक नव्हतंच. ओठ आत घेऊन ते हळूच काहीतरी बोलून बघत होते.