दाराजवळच्या बाकावरून त्रिकोण

नांदुऱ्याच्या शाळेत आमच्या वर्गात मुलगी म्हणून मी एकटीच. मुलांच्या मधे मला बसवणं शक्यच नव्हतं, म्हणून माझं बाक दाराजवळ, फळ्याच्या भिंतीला लागून टाकलेलं. मास्तर सज्जन होते, इतके की माझ्याकडे बघून कधी बोललेच नाहीत. मला काही सांगायचं असलं की ते खिडकीला सांगत आणि मी ते आपलं समजून घेई.

बीजगणित म्हणजे माझ्या हातचा मळ. क्ष शोधा म्हटलं की मी शोधून मोकळी. भूमिती मात्र हात धुऊन माझ्या मागे लागली होती. मास्तर फळ्यावर त्रिकोण काढत, "या दोन बाजू समान" म्हणत, आणि मला एक लांब दिसे, दुसरी आखूड. काटकोन तर मला कधी भेटलाच नाही. दिसेल तशी आकृती मी उतरवून घेई आणि सिद्धता लिहायला बसले की रडू येई. बाजू सारख्या म्हणाव्यात तर डोळ्यांशी खोटं, न म्हणाव्यात तर मास्तरांशी. पुस्तकं मुलांकडे होती आणि मुलांकडे मागायची माझी छाती नव्हती.

घरची अट सरळ होती. वार्षिक परीक्षेत नापास झाले तर शाळा बंद आणि मलकापूरकडच्या स्थळाला होकार. अट आईची. बाबांनी नुसती मान हलवली होती. खरं तर "पोरगी इंग्रजी शिकते" हे गिऱ्हाइकाला ऐकवल्याशिवाय बाजारात त्यांच्या हातून मेथीची जुडी सुटत नसे.

सहामाहीत भूमितीत मला भोपळा मिळाला. मास्तरांनी बाजारात बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, "मुलगी हुशार आहे हो, पण आकृत्या तिरप्या काढते. डोळे दाखवून घ्या."

बाबा तोंड उतरवून घरी आले. डोळ्यांत खोट आहे म्हटल्यावर पोरीला कोण करून घेणार? आईला कळू न देता त्यांनी मला मळ्यात नेलं, वाफ्यातली माती पायाने सपाट केली आणि सुतळीने दोन बाजू सारख्या मोजून काठीने त्रिकोण ओढला.

"सांग वं, कोन्त्या बाजू सारख्या हायेत?"

"ह्या अन् ह्या."

"मंग शाळेत काऊन चुकते?"

मलाही कळेना. मी चालत त्रिकोणाच्या कडेला गेले, खाली बसले आणि एकदम माझ्या वर्गातला त्रिकोण समोर आला, एक बाजू लांब, दुसरी आखूड. मी ओरडलेच, "बाबा, इथून पाहा! माह्यं बाक इथं हाये!"

बाबा माझ्या शेजारी उकिडवे बसले. त्यांनाही दिसलं. आनंदाने मला काय करू नि काय नको असं झालं.

"मास्तरले सांगा, मले समोर बसवा."

"पोरायच्या मधात?"

"नाही त फळा जरासा फिरवा म्हणा."

"येवढ्या पोरायचा फळा तुह्या एकटीसाठी कोन फिरवन, माय?"

मी हट्ट केला, रडले. बाबा पायाने माती सारखी करत राहिले. मास्तरांपुढे त्यांच्या तोंडून रामरामाच्या पुढे शब्द फुटत नसे, हे मलाही ठाऊक होतं.

परीक्षेला मी त्याच बाकावर बसले. प्रश्न फळ्यावर लिहिलेले. समान बाजूंवर मास्तरांनी बारीक खुणा केल्या होत्या, पण दारातलं ऊन फळ्यावर चकाकत होतं आणि माझ्या बाकावरून खुणा दिसेनात. उठून विचारावं असं शंभरदा वाटलं. उठले नाही.

वैशाखात लग्न झालं. बाबांचा मला राग आला, अजून येतो, आणि त्यांची कीवही येते. माझे डोळे अधू निघाले असते तर वांग्याचं सगळं पीक विकून त्यांनी मला अकोल्याच्या डॉक्टरकडे नेलं असतं, चष्मा घेऊन दिला असता. डोळे चांगले निघाले आणि बाबांचा इलाजच संपला.