बाबांचा तोरा आणि मारेगावकडचा पोळा

पोळ्याला गावी जायचं, हे बाबांनी परस्पर ठरवून टाकलं. मला फक्त गाडी चालवायची होती. आईला म्हटलं, जरा समजाव त्यांना, तर ती म्हणाली, "तूच सांग. माझं कोण आयकते." आणि गुडघ्यांचं निमित्त करून ती नागपुरातच थांबली.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, मारेगावपासून थोडं आत. तिथे पोळ्याला अजून झडत्या होतात. ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते: वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली सजवलेले बैल उभे करतात, आणि पोळा फुटण्याआधी, म्हणजे तोरण तोडून बैल सोडण्याआधी, एकेक गडी मध्ये येऊन झडती म्हणतो. म्हणजे आपल्या बैलाची बढाई मारायची आणि दुसऱ्याच्या बैलाची टर उडवायची. यायचंही त्याच थाटात. छाती काढून, खांद्यावरचा दुपट्टा सावरत, मिशीवर हात फिरवत.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. नोकरी कुठेही असो, पोळ्याची झडती त्यांनी चुकवली नाही. त्यांच्या चालण्यासाठी आईकडे शब्दांची कमी नव्हती. स्टेअरिंगवरून खाली उतरले की रुबाब, लग्नाच्या मांडवात ताठा, नवी चप्पल पायात आली की नखरा, आणि झडतीला निघाले की तोरा. तक्रारीच्या सुरात म्हणायची, पण बघत राहायची.

गेल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावा पाय बराच सुधारला, थोडा ओढतो म्हणून काठी लागते. बोलणंही परत आलं, पण वाक्याच्या मध्येच एखादा शब्द हरवतो. हरवला की बाबा उठून दुसऱ्या खोलीत जातात. फोनवर बोलणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. मला भीती होती ती याचीच. सगळ्या गावासमोर शब्द अडला, तर उरलंसुरलं बोलणंही ते टाकून देतील. डॉक्टर प्रवासाला हो म्हणाले होते. झडतीचं मी त्यांना विचारलंच नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. हैदराबादचा हायवे उत्तम आहे, फक्त फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा. हिंगणघाटच्या पुढे एका टपरीवर थांबलो. आलुबोंडा आणि वर झणझणीत तर्री, दोघांचं पोट शंभराच्या आत भरतं. टपरीवाल्याने सहज विचारलं, "काका, कुठी चालले?"

"पोळ्याले," बाबा म्हणाले. "आमच्या..."

गावाचं नाव आलं नाही. स्वतःच्या गावाचं. बाबा वळून हायवेवरचे ट्रक बघायला लागले. नाव मीच सांगितलं आणि घाईघाईने पैसे दिले. 

करंजीला हायवे सोडून डावीकडे वळायचं. पुढे वणीकडच्या कोळशाच्या ट्रकांनी रस्त्याची चाळण केली आहे, पावसाळ्यात खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, तेव्हा उजेडीच पोहोचा. दोन्ही बाजूंना काळी माती आणि कमरेएवढी हिरवीगार पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. दृश्य सुंदर होतं, असं फोटोंवरून कळतं. माझं लक्ष बाबांच्या ओठांकडे होतं. ते मनातल्या मनात झडती घोळवत होते. गावात लॉज नाही, वणीत मिळतो. आम्ही चुलतभावाकडे, प्रमोददादाकडे उतरलो.

संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळत असताना नामदेवकाका आले. बाबांचे लंगोटीयार आणि झडतीतले कायमचे प्रतिस्पर्धी. ऐटीत तेही काही कमी नाहीत. आल्याआल्या म्हणाले, "काहून रे, काठी घेऊन भाव खाऊन राह्यला का?" बाबा कितीतरी दिवसांनी मोकळं हसले.

निघताना मात्र काकांनी मला अंगणाच्या कोपऱ्यात गाठलं. "येते का त्याले झडती पुरी?"

"कधी येते. कधी मध्येच अडतात."

काकांनी मान हलवली. 

पोळ्याच्या दिवशी दुपारी भुरभुर पाऊस पडून गेला. मी गाडी रस्त्याकडे तोंड करून लावून ठेवली, पाण्याची बाटली घेतली, तोरणाखालचा चिखल दोनदा पाहून आले. बाबांची पाळी आली तेव्हा त्यांनी काठी माझ्या हातात दिली.

"बाबा, राहू द्या ना ती."

"काठी धरून झडती म्हनते का कोनी? कायले घाबरतं माय?"

आणि निघाले. डावा पाय चिखलातून ओढत, प्रत्येक पावलाला थबकत, खांदा उडवत. माझ्या मागून एक बाई म्हणाली, "पाह्य वं, बुढ्याचा दिमाख काही गेला नाही." सगळे कौतुकाने बघत होते. तो दिमाख नव्हता, पाय उचलत नव्हता, हे मला एकटीलाच दिसत होतं. की दोन्ही होतं, कोण जाणे.

प्रमोददादाच्या सर्जा बैलाच्या पाठीवर हात ठेवून बाबांनी सुरुवात केली. आवाज खणखणीत होता.

"वाकडे शिंग, सरळ चाल, सर्जा गावचा राजा..."

आणि थांबले. मिशीवर हात फिरवला. लोक हसले, त्यांना वाटलं बुढा ताणून धरतोय. बाबांनी पुन्हा मिशीवर हात फिरवला. पुढची ओळ येईना. मी गर्दीतून पुढे सरकले.

तेवढ्यात समोरून नामदेवकाका घुसले. "बस झाली तुयी बढाई, आता आमचं आयक," म्हणत त्यांनी आपली झडती ठोकून दिली. गर्दीने महादेवाचा गजर केला. बाबांनी 'हट' म्हणून हात झटकला आणि माझ्याकडे परतले. कोणाला काही कळलं नाही. मी बैलाच्या आडोशाला जाऊन रडून घेतलं.

रात्री वहिनीने पुरणपोळी, कढी आणि वडे वाढले. इतकी मऊ पुरणपोळी नागपुरात मिळत नाही.  दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर मी गाणी लावली, बाबांनी बंद केली.

घरी आईने दारातच विचारलं, "झाली का झडती?" बाबा सरळ आतल्या खोलीत गेले. संपलं सगळं, असं मला वाटलं. या सहलीतून मी काय आणलं म्हणाल तर चिखलाने भरलेली चप्पल आणि आधीपेक्षा गप्प झालेले बाबा.

मग आतून आवाज आला. बाबा फोनवर होते. हातात धरवत नाही म्हणून स्पीकर लावून.

"नामदेव, पुढच्या पोळ्याले मधात बोलू नोको."

"अरे, तू अडला म्हून मी..."

"मले आठवत होतं. लोकं कुठी पयून चालले होते? उभे राह्यले असते." मग दम घेऊन म्हणाले, "आता आयक."

सर्जाची पहिली ओळ त्यांनी म्हटली, तशीच खणखणीत. आणि त्याच जागी शब्द अडला. आई पुढे व्हायला लागली, मी तिचा हात धरला. आम्ही दोघी दाराबाहेर उभ्या राहिलो. आतून काही ऐकू येत नव्हतं. फोनच्या पलीकडे नामदेवकाका होते, पण या वेळी त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही.