भाव न विचारायचं दुकान

आमच्याकडं एक रीत आहे, कुणी शिकवत नाही पण सगळ्यांना येते. ज्याचं दुकानात खातं आहे त्यानं भाव विचारायचा नाही. रोख घेणारा विचारतो, घासाघीस करतो, नाही पटलं तर पुढच्या दुकानात जातो. खातंवाल्यानं नुसतं वस्तूचं नाव सांगायचं, पिशवी उचलायची आणि घरी यायचं. भाव विचारला म्हणजे शेठवर विश्वास नाही, असं होतं. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा दुकानात नेलं. मी साबणाची वडी हातात घेऊन, केवढ्याला, असं विचारलं, तर त्यांनी माझा हात अस्सा दाबला की बांगडी रुतली.

आमची केळीची बाग बहादरपुराच्या अलीकडं. शेठचं दुकान बुऱ्हाणपुरात. केळीची रोपं तोच द्यायचा, खत तोच, ठिबकच्या नळ्या तोच. शेजारच्या गाळ्यात त्याचाच किराणा, म्हणजे घरातलं मीठ-तेलही तिथलंच. आणि केळी तयार झाली की कटाईचे मजूर अन् ट्रक तोच पाठवायचा, तोच माल न्यायचा, तोच त्यातून उधारी वजा करायचा. वर्षाच्या शेवटी ह्यांना बोलावून सांगायचा, तुमच्याकडं एवढं राहिलं. ते नेहमी राहायचंच.

माणूस वाईट असता तर बरं झालं असतं बघा, शिव्या तरी देता आल्या असत्या. पण सासरे आजारी पडले तेव्हा त्याचीच गाडी दारात उभी राहिली. माझा चष्माही त्यानंच करून दिला. त्याच चष्म्यातून मी त्याच्याकडं वाकडं कसं बघणार?

तर लेकीचा नर्सिंगला नंबर लागला, इंदूरला. आठ दिवसांत फी भरायची होती, नाही तर जागा दुसऱ्याला. आणि नेमकी बाग कटाईला आलेली. तेवढ्यात रावेरकडचा एक व्यापारी रस्त्यानं जाताना थांबला. घड बघितले, हात लावून बघितले आणि शेठपेक्षा चांगला भाव बोलला. वर म्हणाला, बांधावरच रोख देतो.

आमचे हे खाली बघत राहिले. "शेठला विचारावं लागंल," म्हणाले.

"केळी आपली ना?" मी म्हटलं.

"रोपं त्याची."

"आणि पाणी? पाणी पण त्यानं घातलं का?"

हे ठिबकची नळी सरळ करायला वाकले. मग मीच त्या व्यापाऱ्याला म्हटलं, "भाऊ, परवा गाडी घेऊन या. माल तुमचा." त्यानं आपला नंबर ह्यांच्या मोबाईलमध्ये घालून दिला.

लपून विकणं मला जमणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चांगली साडी नेसून मी एकटीच शेठकडं गेले. म्हटलं, तोंडावर सांगायचं आणि यायचं.

"या या भाभी, बसा. चाय सांग रे," शेठ म्हणाला. चहा येईपर्यंत लेकीची चौकशी, ह्यांच्या गुडघ्याची चौकशी. चहा पिऊन झाल्यावर मी सांगितलं, की ह्या खेपेला माल बाहेर देतोय, फीचं काम आहे, तुमचं पुढच्या बागेतून फेडू.

तो रागावला नाही. "बिलकुल द्या ना भाभी. माल तुमचा, मी कोण अडवणारा?" मग मुनीमाकडं मान वळवून अगदी सहज म्हणाला, "ते उद्या भाभींकडं खत जाणार होतं ना, ते इच्छापुरवाल्यांना देऊन टाक. ह्यांना आता गरज नाही."

नवीन रोपं लावून आमच्या दुसऱ्या तुकड्यात महिनाच झाला होता. त्या खताशिवाय ती उभी राहणार नव्हती आणि दुसरा कुणी आम्हाला उधार देणार नव्हता, कारण सगळ्या बाजारात आम्ही शेठचे म्हणूनच ओळखले जायचो. मी रिकामी कपबशी हातात धरून बसले.

"फी किती आहे?" त्यानं विचारलं. मी सांगितली. त्यानं गल्ला उघडला, नोटा काढल्या, पाकिटात घातल्या आणि माझ्यापुढं ठेवल्या. "मुलगी आपलीच आहे. शिकू द्या."

मी पाकिटाला हात लावला नाही. एवढ्या वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं.

"शेठजी, हे कोणत्या भावानं?"

मुनीमानं पेन थांबवला. पोती मोजणारा हमालसुद्धा वळून बघायला लागला. शेठ हसला.

"घरच्यांना कुणी भाव सांगतं का भाभी?"

लेकीचा चेहरा डोळ्यापुढं आला. पाकीट घेतलं मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच शेठचे मजूर बागेत शिरले. नऊ वाजता रावेरचा व्यापारी गाडी घेऊन आला, तेव्हा बागेत नुसती खोडं उभी होती. त्याचा नंबर ह्यांच्याकडं होता. येऊ नका सांगायला ह्यांनी लावला नव्हता, मीही लावा म्हटलं नव्हतं. मी घरात दाराआड उभी होते. तो ह्यांना एवढंच म्हणाला, "बाईंनी शब्द दिला होता म्हणून आलो." खत मात्र दुपारी आलं, वेळेवर.

आता लेक इंदूरच्या दवाखान्यात नोकरीला आहे. मागच्या दिवाळीला आली तेव्हा माझ्याबरोबर दुकानात आली. गल्ल्यावर आता शेठचा मुलगा बसतो. मी आपली सांगत गेले, पोहे, डाळ्या, तेल. लेकीलाही इंदूरला चिवडा करून न्यायचा होता, तर तिनं ताडकन विचारलं, "पोह्यांचा भाव काय?" त्यानं लगेच सांगितला. तिनं दोन रुपये कमी करायला लावले, पैसे द्यायला मोबाईल काढला आणि म्हणाली, "आईचंही ह्यातच धरा."

"मावशींचं राहू द्या ताई," तो हसून म्हणाला, अगदी बापासारखं. "घरचं खातं आहे." आणि माझं लिहून घेतलं.

एकाच पोत्यातले पोहे, दोन पिशव्या. रिक्षात बसल्यावर मी तिला हळूच विचारलं, "काय भावानं दिले गं?" तिनं सांगितलं. माझे कोणत्या भावानं लिहिले, ते मला ठाऊक नव्हतं. मग घर येईपर्यंत मी माझी पिशवी मांडीवर धरून बाहेर बघत राहिले. तिनं दोनदा विचारलं, काय झालं म्हणून.