माझं तोंड शोधायला सिविल लाइंसला

मुलानं ठरवून टाकलं होतं, मी गेल्यावर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा. त्या फोटोत मी कोंबडी चोरताना सापडल्यासारखी दिसते. म्हटलं, चलो, आपलं जवानीतलं चित्र शोधून आणू. हे मी बोलून राहिले आणि नात रसिका टाइप करून राहिली. मला अक्षर येत नाही, तेव्हा चुका तिच्या.

आमचे हे कलाशाळेत माळी होते. राज्य नवं झालं, आमच्या शहराला मिळायची राजधानी भोपाळनं पळवली, त्याच्या नंतरची गोष्ट. तिथल्या मास्तरांनी मला नथ घालून स्टुलावर बसवलं आणि पोरांनी माझं तोंड काढलं. घरात कोणी मानत नाही. सून म्हणते, "आई, तुम्ही तेवढा वेळ गप्प बसलात, हेच पटत नाही."

अधारतालच्या घरून सिविल लाइंसला, त्या कलाशाळेच्या संग्रहालयात जायला ऑटो केला. तुम्ही जाल तर सकाळीच निघा. दुपारी संग्रहालयाला जेवायचं कुलूप असते. आम्ही पायरीवर बसून खोव्याची जलेबी खाल्ली. काळी दिसते, घाबरू नका.

पहिल्या खोलीत विलायती पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकला, पोरांना अंग काढायला शिकवायसाठी आणलेल्या. एकाच्याही अंगावर धड कपडा नाही, अर्ध्यांना हात नाहीत. "इतक्या दुरून आणले, तर साबूत तरी आणायचे!" रसिका दुसरीकडे पाहू लागली. पुढं मंडल्याकडचे मातीचे घोडे, भेडाघाटच्या दगडातली माकडं, आणि शेवटच्या भिंतीवर जुन्या विद्यार्थ्यांची कामं.

"आजी, ही तूच!"

नाक माझंच. पण नथ उजवीकडे, पदरही उजव्या खांद्यावर. "ही मी काहून असंन? ही तर उजवा पदर घेणारी शेजारची शर्माबहू!" तोंडानं बोलले, पण मन खचलं. म्हणजे कोंबडीचोरच लटकणार.

संग्रहालयाच्या बाई हसल्या. "अम्माजी, ये लकड़ी के ठप्पे से छपा है. काग़ज़ पर सब उलटा आता है. लड़का उलटा काटना भूल गया." त्यांनी कपाटातून तो ठप्पाच काढला. मी बोट फिरवलं. नथ डावीकडे, पदर डावीकडे. मीच.

"खाली काय लिहिलं हाये?"

रसिकानं वाचलं, "विरहिणी."

"कशाचा विरह? हे समोरच गुलाबाला पाणी देऊन राहिले होते. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या!"

बाईंनी भिंतीवरच्या चित्राचा फोटो काढू दिला. रसिकानं तो मोबाइलमध्येच सुलटा केला.

घरी मुलानं फोटो बोटांनी मोठा करून नाक तपासलं. मग म्हणाला, "ठीक आहे आई, हाच लावू."

"आत्ताच लाव. मेल्यावर मला काय दिसणार?"

आता मी बैठकीत लटकून राहिले. शर्माबहू येते, तेव्हा कोणी थोर पूर्वज समजून चित्राला हात जोडते. मीही तिच्याशेजारी उभी राहून गंभीर तोंड करते, आणि मग तिच्यासाठी चहा टाकते.