उजव्या बाजूची तपासणी

बनशंकरीतली माझी शिंपीण मूळची निपाणीकडची. ब्लाउजचं माप घेताना ती आकडे मोठ्यांदा सांगते आणि मशीनवर बसलेली तिची जाऊ ते वहीत उतरवते. बाकावर बसलेल्या सगळ्या बायकांना सगळ्यांची मापं कळतात. मला ते कधीच आवडलं नव्हतं.

गेल्या वर्षी कॅन्सरमुळे माझा डावा स्तन काढला. त्यानंतर मी पहिल्यांदा गेले, तेव्हा तिने पडदा ओढला, टेप लावली आणि आकडे स्वतःच मुकाट्याने लिहिले. डावा हात सुजलेला होता, म्हणून दोन्ही दंड वेगवेगळे मोजले. पॅड ठेवायला आतून खिसा लावते म्हणाली. मग टेप गळ्यात टाकत तिने विचारलं, "उजव्या बाजूची तपासणी केलासा काय, अक्का?"

"वेळच मिळत नाही," मी म्हणाले. खरं तर दोनदा तारीख घेऊनही भीतीने मी गेले नव्हते.

"मग करून या. तोवर ब्लाउज मिळायचा न्हाई."

मला रागच आला. पण भाचीचं लग्न तोंडावर होतं आणि दुसऱ्या कुणापुढे मापाला उभं राहायची माझी तयारी नव्हती. मी जाऊन मॅमोग्राफी करून घेतली. काही निघालं नाही.

दुकानात जाऊन मी रिपोर्ट पुढे केला. तिला इंग्रजी वाचता येत नाही. तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, कानडीत "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणाली आणि केव्हाचा शिवून ठेवलेला ब्लाउज काढून दिला.