घंटागाडीतली विजयमाला

"नागरिकहो, बाहेर या, मी दारात उभी आहो."

हे वाक्य विजयमाला आयुष्यात एकदाच म्हणाली होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत, पंखा बंद करून, रेकॉर्डिंगला लावलेल्या फोनसमोर बसून. गावात पहिली घंटागाडी यायची होती आणि सचिव पुंडलिकरावांना शेवटच्या घरापर्यंत पोचेल असा बाईचा आवाज हवा होता. तसा आवाज गावात एकच होता. लहानपणी ती तुमसरच्या राइस मिलमध्ये बापाचा डबा घेऊन जायची. यंत्राच्या धडधडीवरून हाक गेल्याशिवाय बाप मान वर करत नसे. लग्न होऊन विणकरांच्या या मोहल्ल्यात आली, तर इथे मागांची खटखट. आवाज कधी खाली उतरलाच नाही.

त्याच आवाजानं तिनं एकदा ग्रामसभा थोपवली होती. मोहल्ल्याच्या मधून एक लांबच लांब मोकळी जागा गेलेली आहे. तिला ताणपट्टी म्हणतात. विणकरांची घरं आखूड, साडीचं उभं सूत लांब. ते ताणून त्याला खळ लावायला वाडवडिलांनी ही जागा कुणाच्याच नावावर न करता सगळ्यांसाठी ठेवली. कोणीतरी तिला कुंपण घालायला निघालं, तेव्हा विजयमाला उठून म्हणाली, "घरं लहान हायेत म्हणून गल्ली लांब ठेवली. गल्लीच लहान केली तं माणसं कुठं ठेवसान?" कुंपणाचे खांब परत गेले. आता माग मोजकेच उरले. पट्टीवर धान वाळतं, लग्नाचे मांडव पडतात, म्हातारी माणसं ऊन खात बसतात.

मग तिच्या घशात गाठ झाली. नागपुरात डॉक्टरांनी गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढली. गळ्याच्या खोबणीत एक भोक राहिलं. श्वास तिथून जातो, तिथून येतो. त्यावर ती मऊ पातळाचा तुकडा बांधते, आणि श्वासासरशी तो तुकडा हलतो.

ती दवाखान्यातून घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली.

"नागरिकहो, बाहेर या, मी दारात उभी आहो."

"आलो, आलो," म्हणत तिचा नवरा मोतीलाल बाहेर धावला. कचऱ्याची बादली घेऊन विजयमाला त्याच्या मागे उभी होती. त्यानं वळून पाहिलं, आणि हसला. पुढे पुढे हसायचा बंद झाला. गाडीच्या वेळेआधी तो तोंड धुऊन, भांग पाडून अंगणात येऊ लागला. बोलायचं असलं की त्याचं तोंड आपोआप गल्लीकडे वळायचं. "आज भात गिच्च झाला वो," असं तो रिकाम्या गल्लीला सांगायचा, आणि भात रांधणारी त्याच्या पाठीशी ताट घेऊन उभी असायची.

शेजारची रुखमाही तिच्याशी कमी आणि गाडीशी जास्त बोलू लागली. "काय वो विजू, आज उशीर केला?" गाडी पुढे निघून जायची. रुखमाला उत्तर मिळाल्यासारखं वाटायचं.

दरम्यान गावाची नगरपंचायत झाली. मोहल्ल्याचा प्रभाग झाला. त्याच गल्लीत चड्डीवर फिरलेला संजीव नगरसेवक झाला. आणि एका सकाळी, विजयमाला शेगडीपाशी असताना, बाहेरून तिचाच आवाज म्हणाला:

"नागरिकहो, ताणपट्टीवर बाजारगाळे होणार आहेत. ही आपल्या भल्याची गोष्ट आहे. माझी संमती आहे."

त्यामागे नेहमीचं वाक्य.

तिचा हात गळ्याकडे गेला. तिथे नुसता श्वास होता. गाडीवरचा तो आवाजही श्वास घेत होता, पण भलत्याच जागी. 'संमती' म्हणताना अर्ध्या शब्दात. जिवंत माणूस तिथे श्वास घेत नाही. गल्लीत कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. मोतीलाल बादली घेऊन धावला.

संजीवनं घरी येऊन समजावलं. घंटागाडीच्या ठेकेदारानं जुना आवाज एका यंत्राला दिला. आता जे लिहावं ते यंत्र त्याच आवाजात म्हणतं. बोलायचं ते ती आता पाटीवर लिहायची. तिनं लिहिलं: मी हे म्हटलं नाही. संजीवनं वाचलं, पाटी हळूच खाली ठेवली.

"पण आवाज तं तुमचाच हाय नं, काकू."

तिला पसंत नसेल आणि प्रभागसभेत तशी हरकत आली, तर हा आवाजच गाडीवरून काढून टाकू, असंही तो म्हणाला. ते ऐकून मोतीलाल जेवला नाही.

प्रभागसभा समाजमंदिरात भरली. मागची सभा माणसांअभावी मोडली होती, म्हणून संजीव या वेळी दारोदार फिरला. विजयमाला शेवटी आली, आणि तिला धरून गणपूर्ती कशीबशी झाली. माइक बिघडलेला. घंटागाडीच गजांच्या खिडकीशी आणून लावली होती. ठराव खिडकीतून ऐकू आला, तिच्या आवाजात.

"ज्याची हरकत असेल त्यानं उभं राहून बोलावं. जो बोलणार नाही, त्याची संमती धरली जाईल."

विजयमाला उभी राहिली. पाटी वर धरली. पाटीवर एवढंच होतं: नाही.

लेखी हरकतीची मुदत सरली काकू, आज तोंडीच घेता येते, असं संजीव मान खाली घालून म्हणाला. मागून राजकुमारचा आवाज आला. त्यानं एका गाळ्यासाठी आधीच शब्द टाकून ठेवला होता. "बाहेर तं बोलून राहिल्या काकू, अंदर काहून मुक्या?"

कोणी हसलं नाही. दोघातिघांनी माना उंचावून गाडीत पाहिलं.

रुखमा म्हणाली, नवऱ्याला विचारा. संजीवलाही सुटल्यासारखं झालं. "काकाजी, काकूच्या मनात काय हाय ते तुम्ही बोला. मी हरकत लिहून घेतो."

मोतीलाल उठला. विजयमाला त्याच्याकडे पाहत होती. गळ्यावरचा पातळाचा तुकडा वरखाली होत होता. रोज ती पाटी त्यानं वाचली होती. त्याला सगळं ठाऊक होतं. त्यानं खिडकीकडे पाहिलं.

"तिनं आत्ताच तं सांगतलं," तो म्हणाला. "ऐकलं नाही का तुम्ही?"

तिनं पाटी सतरंजीवर ठेवली. चपला पायात सरकवल्या आणि दाराकडे निघाली. सगळ्यांत आधी ते संजीवच्या लक्षात आलं.

"काकू, बसा. तुम्ही गेल्या तं सभा मोडते."

ती दारात थांबली. खिडकीबाहेर गाडीवर पुन्हा जुनं वाक्य लागलं.

"नागरिकहो, बाहेर या, मी दारात उभी आहो."

एवढं मात्र तिचं स्वतःचं होतं. 'मी'च्या आधीचा श्वास अगदी जागेवर होता. सभेतल्या माना वळल्या, काही खिडकीकडे, काही दाराकडे. मोतीलाल खिडकीशी गेला, दोन्ही हातांनी गज धरले.

"आलो," तो म्हणाला. "आलो वो, आलो."

विजयमालानं उंबरठ्यावरून त्याच्या पाठीकडे पाहिलं, आणि बाहेर पडली.