मधूचा हेवा करताना

मधू गेल्याची बातमी मला माझ्या मुलाकडून कळली. निखिल अंगणात फोन कानाला लावून उभा होता. आत आला आणि म्हणाला, "पापा, मधू काका नहीं रहे." मी मराठीत बोलतो आणि तो हिंदीत उत्तर देतो, रायपूरच्या बऱ्याच मराठी घरांत असंच चालतं. त्याचे डोळे भरून आले होते. माझ्या मनात मात्र पहिल्यांदा दुःख आलं नाही. सुधावहिनींनी, म्हणजे मधूच्या बायकोनं, मला सोडून निखिलला काहून फोन केला, हा विचार आला... दुःख नंतर आलं, चपला घालताना. उजव्या पायाची चप्पल डाव्या पायात जाऊन राहिली होती.

आता महिना उलटून गेला. पेपरच्या पुरवणीच्या संपादकांचा आग्रह आहे की मधूसारख्या एका मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या आयुष्यातून तरुणांना काही शिकता येईल असं लिहा. मधुकर दहीकर यांच्याबद्दल शोकसभेत लोक पुष्कळ बोलले. दूरदृष्टी, नेतृत्व, साधेपणा... मी समोरच्या रांगेत बसून ऐकत होतो आणि प्रत्येक शब्दात मनातल्या मनात एकेक खोट काढत होतो. पन्नाशी ओलांडल्यावर माणसाचा स्वभाव बदलत नाही. मी त्याचा आयुष्यभर हेवा केला. ते वगळून लिहायला बसलो तर जो मधू कागदावर उतरेल, तो मी ओळखत असलेला मधू नसेल.

आम्ही दोघंही रायपुरातल्या गुढियारीचे. दोघांचे वडील नागपूरकडून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. मालधक्क्याजवळच्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, मराठी घरं थोडी होती, त्यामुळे आमची तुलना सकाळ-संध्याकाळ होई. तेव्हा ती माझ्या बाजूनं होती. शाळेत मी पुढे, इंजिनिअरिंग कॉलेजात मी पुढे. मधू विजेच्या यंत्रांच्या पेपरात नापास झाला, तेव्हा उन्हाळाभर मी त्याला शिकवलं. तो आमच्या ओट्यावर बसून एवढे प्रश्न विचारायचा की माझी आई वैतागून म्हणायची, "या पोट्ट्याले समजून नाही राहिलं की तुले सांगता नाही येत?" पुढे कळलं, त्याला समजत होतं. समोरच्याला कुठपर्यंत माहीत आहे, तेही तो विचारता विचारता पाहून घेत होता.

नंतर आम्ही दोघं एकाच कारखान्यात लागलो. ट्रान्सफॉर्मर बनवणारा लहानसा कारखाना होता, मालक सेठजी जुन्या वळणाचे. मग राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, गावोगावी वीज पोचवायची कामं निघाली आणि आमच्या कारखान्याला अचानक श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. जुने मॅनेजर निवृत्त झाले. वाइंडिंगपासून टेस्टिंगपर्यंत सगळं मला येत होतं. कुठल्या कॉइलमध्ये काय बिघडलंय हे मी आवाजावरून सांगायचो. सेठजींनी मुख्य अधिकारी केलं मधूला. मला तांत्रिक विभागाचा प्रमुख केलं आणि पेढे दोघांनाही सारखेच दिले.

त्या दिवसापासून मी मधूला चारचौघांत 'सर' म्हणायला लागलो. त्याला बोचावं म्हणूनच म्हणायचो, आणि ते त्याला कळायचं. एकदा तो माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "तुले जे म्हणायचं ते म्हण विन्या. फक्त मी चुकून राहिलो तर सगळ्यांसमोर सांगत जा." मी ही मुभा पुरेपूर वापरली. मीटिंगमध्ये तो काही बोलला की मी त्यात काय चूक आहे ते काढायचो. तो पेन खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकायचा, अर्ध्या वेळेला आपलं म्हणणं बदलायचा. याचा परिणाम काय झाला? बाहेर सगळे म्हणू लागले, काय मोठं मन आहे साहेबांचं, विरोध करणाऱ्याला सोबत घेऊन चालतात. माझा विरोधसुद्धा त्याच्याच खात्यावर जमा झाला.

एका पावसाळ्यात आमचे ट्रान्सफॉर्मर जळायला लागले. आधी एका गावात, मग शेजारच्या. परत आलेला एक मी स्वतः उघडला. कॉइलवर गुंडाळतात तो कागद नव्या पुरवठादाराकडून आला होता. उन्हाळ्यात तो चाचणीत उत्तम टिकला, पण पावसाळी हवेत ओल धरत होता. म्हणजे त्या कागदाचे जेवढे ट्रान्सफॉर्मर बाहेर गेले, ते सगळे आज ना उद्या जळणार होते. मी मधूला सांगितलं. त्यानं तो काळा पडलेला कागद हातात घेतला आणि एवढंच विचारलं, "पक्कं?" मी हो म्हटलं. त्यानं दुसऱ्या कुणाकडून खात्री करून घेतली नाही.

सेठजींचं म्हणणं होतं, जे जळतील ते बदलून द्या, बाकीच्यांबद्दल बोलू नका. सगळे परत आणले तर कारखाना बुडेल. त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही. मी त्यांच्यासमोर तासभर ओल, कागद आणि तेल समजावत बसलो. सेठजी मान हलवत होते आणि एक अक्षर ऐकत नव्हते. मधूनं वाद घातला नाही. तो म्हणाला, "सेठजी, कल गाँव चलते हैं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं जीपनं गेलो. गावात वीज नव्हती, पंप बंद, पाण्याची टाकी कोरडी. हातपंपावर बायकांची रांग होती. मधू त्या रांगेशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, ट्रान्सफॉर्मर आमच्या कारखान्याचा आहे, आमच्या चुकीनं जळलाय. मला वाटलं आता मार बसतो. एक म्हातारी पुढे आली, सेठजींना दमलेलं पाहून तिनं त्यांना पारावर बसवलं आणि आपल्याच घागरीतलं पाणी लोट्यात ओतून दिलं. मधूनं हळूच विचारलं, "पानी के लिए कितनी दूर से आती हो, अम्मा?" तिनं हात लांब करून दिशा दाखवली. सेठजी लोटा धरून बसून राहिले. परतताना रायपूर जवळ आल्यावर सेठजी म्हणाले, "सब वापस मँगा लो."

ते वर्ष फार वाईट गेलं. पगार उशिरा झाले, लोक सोडून गेले, पण कारखाना तगला, आणि पुढे वीज खात्याच्या माणसांनी आमच्यावर जो विश्वास टाकला तो त्या वर्षामुळे. पेपरात बातमी आली तेव्हा मधूनं पत्रकाराला तीनतीनदा सांगितलं की दोष विनायकनं शोधला. छापून आलं तेही, फोटो मात्र त्याचा. खाली एक ओळ, 'यशाचं श्रेय सहकाऱ्याला देणारे दहीकर'. श्रेय त्यानं मला दिलं आणि श्रेय देण्याचं श्रेय त्याला मिळालं. अशा माणसावर धड रागावताही येत नाही. बिघाड कुठे आहे हे मला ठाऊक होतं, सेठजींना कुठे न्यायचं हे त्याला. दोन्ही लागतं, असं आता शांतपणे लिहिता येतं. तेव्हा जीपच्या मागच्या सीटवर माझा जीव जळत होता.

निखिलच्या बाबतीतलं माझं दुखणं अधिक खोल होतं. तो बंगळुरूची चांगली नोकरी सोडून परत यायचं म्हणत होता. मी नाही म्हटलं, आवाज चढवून म्हटलं, आणि आमचं बोलणं बंद झालं. तो आला की शंकर नगरला मधूकडे जायचा, तासन्‌तास बसायचा. शेवटी त्यानं नोकरी सोडलीच, इथे सौर पंपांचं काम सुरू केलं. आमचं कामापुरतं बोलणं पुन्हा सुरू झालं. मी गृहीत धरलं की मधूनं त्याला फितवलं. मुलगासुद्धा यानं नेला, असं मी बायकोजवळ बोललो होतो.

मधूच्या आजारपणात मी शेवटचा भेटायला गेलो. तो उशांना टेकून बसला होता, आवाज बारीक झाला होता. वहिनी चहा करायला आत गेल्या आणि मी विचारून टाकलं, "माझ्या पोराले तू काय सांगत होता रे?"

"मी कायले सांगू," तो म्हणाला. "तोच विचारून राहायचा. पापा कारखान्यात कसे असतात, म्हणे. तुझ्या गोष्टी सांगितल्या... कागदाची सांगितली. ती तर तीनदा."

वहिनी चहा घेऊन आल्या. मधू दमून डोळे मिटून पडला होता. माझ्या मुलाला माझ्याबद्दल ऐकायचं होतं, आणि तेही त्यानं मधूच्या तोंडून ऐकलं. मी जी गोष्ट आयुष्यभर माझी म्हणून उराशी धरली, ती माझ्या घरात मधूमार्फत आली. हे कळल्यावर हेवा संपायला हवा होता. तो वाढला. मधू माझ्याबद्दल माझ्यापेक्षा चांगलं बोलला असणार, याची मला खात्री आहे.

मधूची एक सवय होती. पाहुणा निघाला की फाटकापर्यंत जायचं आणि गाडी वळेपर्यंत तिथेच उभं राहायचं. कंपनीचं ऑफिस शहराबाहेर वसवलेल्या नवा रायपूरला गेलं तेव्हा याची फजिती झाली. तिथले रस्ते रुंद, सरळ, रिकामे. वळण लवकर येतच नाही. गाडी ठिपक्याएवढी होईतो हा उन्हात उभा. आम्ही ड्रायव्हरला म्हणायचो, भैया, जल्दी चलाओ, साहब खड़े हैं.

परवा रविवारी कारखान्यातली जुनी माणसं मला भेटायला आली होती. चहा झाला, मधूच्या गोष्टी निघाल्या, मग ती सगळी जायला उठली. निखिल त्यांना पोचवायला बाहेर गेला. बराच वेळ झाला तरी आत आला नाही म्हणून मी दारातून पाहिलं. तो फाटकाला हात लावून उभा होता. त्यांची गाडी कोपऱ्यावर भाजीच्या ठेल्यामागे अडकली होती.

"काहून उभा आहेस?" मी विचारलं.

"ऐसे ही," तो म्हणाला. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

छातीत ते जुनं परिचित काहीतरी सळसळलं. मी चपला घातल्या आणि त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. ठेला सरकला, गाडी हलली. ती वळेपर्यंत आम्ही दोघं तिथेच होतो.